पायरी कधी सोडायची? फाइल शेअरिंगमधला फॉलबॅक आणि त्याचा कोड तपासणं

माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन. म्हणजे ज्या यंत्रावरचं फोल्डर जोडून घ्यायचंय ते समोरचं यंत्र बंद पडलंय. आणि समोरचं यंत्र तर माझ्यापासून चार हातांवर, भिंतीतल्या फळीवर, हिरवा दिवा लुकलुकवत बसलं होतं.

जागा सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान. बाहेर हळदीची पोती, आत दिवाणजींचं टेबल, मागे देवाची तसबीर आणि तसबिरीच्या शेजारी ही नेटवर्कवरची जुनी स्टोरेजची पेटी. शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्या, तोलाईच्या पावत्या, सगळ्यांचे स्कॅन वर्षानुवर्षं तिच्यात साठलेत. आमचं काम एवढंच, की रोज रात्री त्यातल्या नव्या फाइली दुसऱ्या जागी उतरवून ठेवायच्या. त्यासाठी एक छोटं टूल लिहिलं होतं आणि ते बिनबोभाट चाललं होतं. मग दुकानातलं जुनं लिनक्स मशीन काढून नवं बसवलं, आणि पहिल्याच रात्री ११२.

यंत्र बंद नव्हतं. दोघांची भाषा जुळत नव्हती.

ऑफिसातल्या यंत्रांमध्ये फाइली वाटून घ्यायची जी भाषा विंडोजमुळे सगळीकडे पोचली तिचं नाव एसएमबी. १९८० च्या दशकात ती आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टनं वाढवली. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर, आणि ३.१.१ ही २०१५ साली विंडोज १० बरोबर. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, एसएमबीचा क्लायंट (फाइली मागणारी बाजू; देणारी बाजू तो सर्व्हर) मात्र बरीच वर्षं, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर, पहिल्या आवृत्तीतच बोलायचा. २०१७ साली आलेल्या ४.१३ कर्नलनं ती सवय मोडली, आणि ४.१३.५ पासून तो २.१ किंवा तिच्या वरचीच आवृत्ती मागतो. आमच्या पेटीला फक्त पहिली येते. जुनं मशीन इतकी वर्षं तिच्याशी त्याच जुन्या भाषेत बोलत होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

आमच्याकडे मिरजेहून येणारा एक मुलगा आहे, इंजिनीयरिंग संपवून नुकताच लागलेला, चलाख. त्यानं अर्ध्या तासात टूलमध्ये बदल करून दिला. आधी ३.१.१ नं जोडून बघायचं, नाही जमलं तर ३.० नं, मग २.१, मग १.०. जमेल तिथं थांबायचं. याला फॉलबॅक म्हणतात. वरच्या पायरीवर जमलं नाही की एक पायरी खाली उतरायचं. पेटी जोडली गेली, फाइली उतरल्या.

“चालतंय की, ताई,” तो म्हणाला.

चालत होतं, यात वाद नाही. तरी मी तो बदल मंजूर केला नाही. त्यावरून आमचं दोन दिवस जे बोलणं झालं ते इथं मांडते, कारण असा कोड फाइल शेअरिंगच्या जवळजवळ प्रत्येक टूलमध्ये कुठे ना कुठे असतो आणि तपासणारा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो.

त्याचा कोड मराठीत उतरवला तर असा होता:

आवृत्त्या: ३.१.१, ३.०, २.१, १.०
यादीतली एकेक आवृत्ती घे
त्या आवृत्तीनं जोड
जोडलं गेलं तर कामाला लाग
काहीही चूक आली तर पुढची आवृत्ती घे
यादी संपली तर शेवटची चूक दाखव

वाचायला स्वच्छ. सगळा घोळ ‘काहीही’ या एका शब्दात आहे.

समजा, अथणीकडचा एक शेतकरी हळद घेऊन यार्डात आलाय. दिवाणजींशी त्याचं बोलणं दोन तऱ्हांनी जुळू शकतं. एक, तो आल्या आल्या सांगतो की मला कन्नड येतं, मराठी येतं, मोडकंतोडकं हिंदी येतं. आणि दिवाणजी त्यातली दोघांना सोयीची भाषा निवडतात. ही झाली वाटाघाट. दुसरी तऱ्हा अशी, की तो सरळ कन्नडमध्ये बोलायला लागतो. उत्तर येत नाही. मग मराठीत बोलतो, तरी उत्तर नाही, मग हिंदीत. हा फॉलबॅक. फरक बारीक दिसतो, पण दुसऱ्या तऱ्हेत उत्तर का आलं नाही हे त्याचं त्यालाच ताडावं लागतं. दिवाणजींना कन्नड येत नाही? फोनवर आहेत? जेवायला गेलेत? की ऐकलंय सगळं, पण मागची उधारी आठवून मुद्दाम गप्प आहेत? बाहेरून चारही वेळा सारखंच दिसतं.

भाषा बदलायची ती फक्त पहिल्या कारणासाठी. दिवाणजी जेवायला गेलेत म्हणून हिंदी बोलायला लागणारा माणूस यार्डात दिसला तर लोक हसतील. आमचा कोड नेमकं तेच करत होता.

आता एसएमबीची बाजू सांगायला हवी, कारण तिनं यावर विचार केलेला आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून पुढच्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे २.०.२, २.१, ३.०, ३.०.२ आणि ३.१.१, एकाच वाटाघाटीत बसतात. क्लायंट पहिल्याच निरोपात यादी पाठवतो, सर्व्हर त्यातली स्वतःला येणारी सगळ्यात वरची निवडून कळवतो. एकही जुळत नसेल तर ‘जमत नाही’ असं स्पष्ट उत्तर देतो. म्हणजे ३.१.१, ३.०, २.१ अशा तीन वेगळ्या चकरा मारायची मुळात गरजच नव्हती. एका चकरेत काम होतं. तपासताना मी पहिली खूण केली ती इथं: जे काम भाषा स्वतः करते ते आपण हातानं का करतोय?

खरी दरी आहे ती पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या मध्ये. ती अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू होते. एसएमबीच्या निरोपाच्या डोक्यावर चार बाइट असतात. शेवटचे तीन म्हणजे एस, एम, बी ही अक्षरं, आणि त्यांच्या आधीचा एक बाइट पहिल्या आवृत्तीत एफएफ असतो तर दुसरीपासून पुढे एफई. फक्त पहिली आवृत्ती कळणाऱ्या पेटीला एफईनं सुरू होणारा निरोप मिळाला की तो तिच्या लेखी कचरा. ‘मला ही भाषा येत नाही’ असं सांगायला तरी ही भाषा यायला हवी ना? आमची पेटी सरळ फोन ठेवून देते. आणि लिनक्सचा क्लायंट त्याचा अर्थ लावतो ११२, होस्ट इज डाउन. विंडोजनं या दरीवर एक गमतीदार पूल बांधला होता. बोलायला सुरुवात जुन्या भाषेतच करायची, पण येणाऱ्या भाषांच्या यादीत शेवटी ‘एसएमबी २.???’ असं लिहायचं. खरोखर तीन प्रश्नचिन्हं. समोरच्याला त्यांचा अर्थ कळला तर तो नव्या भाषेत उत्तर देतो, नाही कळला तर जुन्यात.

युनिक्सकडची एनएफएस ही भाषा या बाबतीत जास्त सभ्य. तिथं आवृत्ती जुळली नाही तर खालची यंत्रणा ‘मला इथपासून इथपर्यंतच्या आवृत्त्या येतात’ असे दोन आकडेच परत पाठवते. पण तिथंही पायरी उतरणं फुकट नसतं. चौथ्या आवृत्तीत फाइलला कुलूप लावायची सोय भाषेतच आहे; तिसऱ्या आवृत्तीत ते काम एक वेगळीच सेवा करते. चारवरून तीनवर उतरलात, मधल्या फायरवॉलनं त्या सेवेची वाट अडवलेली असली, की फाइली दिसतात, उघडतात, आणि कुलूप मात्र लागत नाही.

तर मी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला: पासवर्ड चुकला तर तुझा कोड काय करेल?

त्यानं कोड वर-खाली केला. मग म्हणाला, “पुढची आवृत्ती घेईल.” म्हणजे तोच चुकीचा पासवर्ड चार वेळा. आणि जोडणाऱ्या फंक्शनच्या आत आणखी एक सोय होती, नेटवर्क अडखळलं तर पुन्हा एकदा प्रयत्न करायची. तीही कारण न बघता. चार दुणे आठ. या पेटीवर त्यानं बिघडणार नव्हतं. पण हेच टूल आम्ही विश्रामबागेतल्या एका ऑफिसातही बसवणार होतो. तिथं विंडोज सर्व्हर आहे आणि पाच चुकांनंतर खातं बंद होतं. कुणीतरी महिन्याच्या शेवटी पासवर्ड बदलणार, टूलला सांगायला विसरणार, आणि सकाळी हिशेबाच्या खात्यालाच कुलूप.

त्याहून वाईट पुढे आहे. वरच्या पायऱ्यांवर आलेली चूक होती १३, परवानगी नाही. शेवटच्या पायरीवर, तो सर्व्हर पहिली आवृत्ती बोलतच नाही म्हणून, आली ११२. आणि कोड दाखवणार काय, तर शेवटची चूक. खरं कारण पासवर्ड, आणि लॉगमध्ये, म्हणजे टूलच्या नोंदवहीत, लिहिलेलं ‘यंत्र बंद आहे’. मग कुणीतरी केबल बदलत बसणार, स्विच बंद-चालू करणार. मी स्वतः अशा एका चुकीमागे अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा.

म्हणून ‘काहीही’च्या जागी कारणं लिहावी लागतात, एकेक करून. १३ आली तर थांब, पासवर्ड बघायला सांग. १११, जोडणी नाकारली, तर थांब. त्या दारावर कुणी बसलेलंच नाही. ११०, वेळ संपली, तर थोडं थांबून त्याच आवृत्तीनं पुन्हा बघ. ९५, हे जमत नाही, हे भाषा न जुळल्याचं उत्तर असू शकतं. राहिली ११२. ती खरोखर संदिग्ध आहे, आणि संदिग्ध उत्तरावर कोडनं स्वतःहून खाली उतरायचं नाही, हा माझा हट्ट. माणसाला विचारायचं.

“पण ताई, आपण क्लायंट आहोत,” तो म्हणाला. “वॉनाक्राय आलं ते एसएमबी १ चालू असलेल्या सर्व्हरवर. आपण नुसतं त्या भाषेत बोललो म्हणून काय बिघडतं?”

मुद्दा बरोबर होता, आणि मला आवडला. वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा प्रोग्रॅम मे २०१७ मध्ये पसरला तो विंडोजमधल्या एसएमबी १ च्या सर्व्हरच्या बाजूला असलेल्या छिद्रातून. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, तरी लावली नव्हती अशी यंत्रं ढिगानं सापडली. पण क्लायंटला वेगळी भीती असते. पुन्हा यार्डात चला. शेतकरी आणि दिवाणजी दोघांनाही उत्तम कन्नड येतं. मध्ये निरोप पोचवणारा एक तिसरा माणूस आहे, त्याला कन्नड कळत नाही आणि भाव तर ऐकायचाय. तो काय करेल? शेतकऱ्याला सांगेल, त्यांना कन्नड येत नाही, हिंदीत बोला. दिवाणजींनाही तेच सांगेल. दोघे भाबडेपणानं हिंदीवर येतील. नेटवर्कमध्ये त्या माणसाला एवढंही करावं लागत नाही. वरच्या आवृत्तीचे निरोप नुसते गिळून टाकले तरी ‘काहीही चूक आली तर पुढची’ म्हणणारा कोड आपणहून खाली येतो, एनक्रिप्शन (मधल्याला वाचता येऊ नये असा मजकूर करून पाठवणं) नसलेल्या पायरीवर.

ब्राउझर असंच करायचे. वेबवरचं बोलणं एनक्रिप्ट करणाऱ्या टीएलएसनं जमलं नाही की जुन्या एसएसएल ३.० वर उतरायचे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पूडल नावाचा हल्ला याच उतरण्याच्या सवयीवर बेतलेला होता. त्यावरचा तोडगा असा होता, की खाली उतरून बोलणाऱ्या क्लायंटनं ‘मी उतरून आलोय’ अशी खूण सोबत पाठवायची. सर्व्हरला वरची भाषा येत असेल तर तो म्हणणार, थांब, मध्ये कुणीतरी लबाडी करतंय.

एसएमबी ३ मध्येही अशी उलटतपासणी आहे. ३.० मध्ये ओळख पटून सही करायची (निरोप वाटेत बदलला नाही हे दाखवणारी खूण लावायची) किल्ली तयार झाली की क्लायंट सही केलेल्या निरोपात पुन्हा विचारतो: मी सुरुवातीला ही ही यादी पाठवली होती, तुला तीच मिळाली ना? उत्तर जुळलं नाही तर बोलणं बंद. ३.१.१ मध्ये आणखी पुढे जाऊन सुरुवातीच्या सगळ्या निरोपांचा एसएचए-५१२ ठसा, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी वेगळाच येणारा आकडा, किल्ल्या बनवतानाच मिसळला जातो. मध्ये एक अक्षर बदललं तरी दोघांच्या किल्ल्या जुळत नाहीत. सुरेख रचना आहे. पण ती पहिल्या आवृत्तीवर घसरण्यापासून वाचवू शकत नाही, कारण तिथं हे प्रश्न विचारणारंच कुणी नसतं. आणि पासवर्डाविना पाहुणा म्हणून आत शिरलात तर सहीची किल्लीच तयार होत नाही. दुकानादुकानांत ‘सगळ्यांना उघडं’ ठेवलेल्या फोल्डरांची गत ती असते.

दुसऱ्या दिवशी तो सुधारलेला कोड घेऊन आला. कारणं वेगळी केली होती, ११२ वर खाली उतरणं मात्र अजून तसंच होतं, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये ‘किमान आवृत्ती’ अशी एक ओळ घातली होती, म्हणजे याच्या खाली उतरायचंच नाही. छान. मी तिथं ३.१.१ लिहून चालवलं. टूल आनंदानं १.० वर जाऊन पेटीला जोडलं गेलं! झालं असं, की तो ती ओळ आकड्यात बदलत होता. ३.०, २.१ हे आकडे होतात. ३.१.१ मध्ये दोन टिंबं. तो आकडा होत नाही. आकडा झाला नाही तर शून्य धरायचं, असं खाली लिहिलेलं. किमान शून्य म्हणजे सगळी दारं उघडी. सगळ्यात कडक सेटिंग सगळ्यात सैल झालं होतं. सेटिंग वाचता आलं नाही तर टूल सुरूच होता कामा नये. आणि आवृत्त्यांची तुलना आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणूनही नाही; क्रम ठरलेल्या यादीतल्या जागेनं करायची.

एनक्रिप्शनचंही तसंच. ते ३.० पासून पुढेच मिळतं. मालकांनी सेटिंगमध्ये ते मागितलेलं होतं. कोडमध्ये मात्र २.१ ची पाळी आली की ती मागणी हळूच काढून टाकलेली. का, विचारलं तर “२.१ ला ते चालत नाही, एरर देतंय.” अरे, एरर देतंय ते बरोबरच देतंय! ज्यानं एनक्रिप्शन मागितलं त्यानं किमान ३.० मागितली, वेगळं सांगितलं नसलं तरी.

आणखी एक गोष्ट त्यानं वेग वाढवायला केली होती. एकदा जुळलेली आवृत्ती फाइलमध्ये लिहून ठेवायची, दुसऱ्या रात्री तिथूनच सुरुवात करायची. आता अपडेट घेऊन सर्व्हर पुन्हा चालू होतोय असं समजा. ३.१.१ गेली, ३.० गेली, आणि सर्व्हर उठून बसला तो नेमका २.१ च्या पाळीला. झालं. त्या रात्रीपासून कायम २.१, आणि कुणालाच माहीत नाही. खाली उतरल्याची आठवण ठेवायचीच तर मुदतीची ठेवावी. माझं विचाराल तर ठेवूच नये. एका वाटाघाटीला वेळ लागतो तरी किती?

कुणालाच माहीत नाही, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पावसाळ्यात सांगलीत कुणालाही विचारा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी आहे ते सांगेल. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आकडा दिसतो, म्हणून माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. आमच्या लॉगमध्ये ओळ होती ‘जोडणी झाली’. कितव्या आवृत्तीनं, सहीसकट की बिनसहीची, एनक्रिप्शन आहे का, काही नाही. ही ओळ बदलायला त्याला दोन मिनिटं लागली.

चाचण्यांबद्दल फार लिहीत नाही. जोडलं जातं हे दाखवणाऱ्या चाचण्या त्यानं भरपूर लिहिल्या होत्या. जोडलं जात नाही हे दाखवणारी एकही नव्हती. मी एकच मागितली: खोटा सर्व्हर उभा कर, त्यानं ‘पासवर्ड चुकला’ म्हणायचं, आणि टूलनं किती वेळा दार वाजवलं ते मोज. पहिल्यांदा मोजलं तर दोन भरले. आतल्या फंक्शनमधली ती पुन्हा-प्रयत्नाची सोय तशीच राहिली होती.

राहिली पेटी. तिच्यासाठी टूलमध्ये आपोआप उतरणं ठेवलंच नाही. सेटिंगमध्ये तिच्या पत्त्यापुढे हातानं १.० लिहिलं, शेजारी कारण आणि तारीख. दुकानाच्या वायफायवरून तिला काढलं आणि नव्या मशीनच्या दुसऱ्या पोर्टाला थेट एका वायरनं जोडलं, म्हणजे मध्ये निरोप्याला उभं राहायला जागा नाही. सगळ्या जुन्या फाइली नव्या डिस्कवर उतरल्या की पेटी बंद करायची असं ठरलं. “चालतीय तर बंद कशाला करताय?” असं मालकांनी दोनदा विचारलं, दिवाणजींनी एकदा.

तीन रात्रींत उतरतील असा त्याचा अंदाज होता, चार लागल्या. दुसऱ्या रात्री यार्डातली वीज गेली आणि पेटी खरोखरच बंद पडली. सकाळी त्यानं लॉग उघडून माझ्यापुढे धरला. आदल्या रात्रीची शेवटची ओळ होती: ११२, उत्तर नाही, आवृत्ती बदलली नाही, थांबलो.